बाबा परदेशी, मुले घरी : किशोरवयीन मुलांच्या मनाचा विचार

माणूस पोटासाठी गाव सोडतो, ही गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्याला नवीन नाही. कोरडवाहू जमीन, कापसावरची भिस्त आणि पावसाचा लहरीपणा यांमुळे एका शेतावर घर चालत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवत आहोत. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला जिल्हा होता. पुसद, उमरखेड, महागाव या भागांतील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. आपली तरुण मुले पुणे, मुंबई, सुरत, हैदराबाद गाठतात. काही जण मात्र याहीपुढे, समुद्र ओलांडून सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, दुबईपर्यंत जातात.

कोकणातील रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत अशी घरे गावोगाव आहेत. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्यांना 'तारवटी' म्हणतात आणि त्यांची परंपरा जुनी आहे. आपल्याकडे हे प्रमाण तेवढे नाही. परंतु पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मल, निजामाबादकडे गेले की आखाती देशांत माणूस असलेली घरे जागोजागी भेटतात. पांढरकवडा, झरी, वणी हा आपला भाग त्या मुलखाला लागूनच आहे. ओळखीने ओळख वाढते आणि एकाच्या मागून दुसरा जातो.

या स्थलांतराचा हिशेब आपण नेहमी पैशात मांडतो. किती तोळे आले, घराला स्लॅब पडला की नाही, बहिणीचे लग्न झाले की नाही, हे सर्व विचारतात. पण घरी राहिलेल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनाचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. पण या विषयाशी माझा दोन बाजूंनी संबंध आहे. काउंटरच्या आतून मी ही कुटुंबे रोज पाहतो आणि काउंटरच्या बाहेरून मी स्वतः अशाच एका बापाचा मुलगा आहे.

वडील एकटेच का जातात?

१९७३ नंतर खनिज तेलाचे भाव कडाडले आणि आखाती देशांत रस्ते, बंदरे, कारखाने, इमारती यांची प्रचंड कामे निघाली. गवंडी, सुतार, वेल्डर, फिटर, ड्रायव्हर यांना मागणी आली. त्या लोंढ्याला काही शिस्त असावी म्हणून आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा झाला. आज आखातातील सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राने केरळलाही मागे टाकले होते.

परंतु इंग्लंड-अमेरिकेला जाणारा इंजिनियर आणि आखातात जाणारा मजूर यांत एक मोठा फरक आहे. इंजिनियर बहुधा बायको-मुलांना सोबत नेतो. आखातात कुटुंब नेण्यासाठी ठराविक किमान पगाराची अट असते. साध्या मजुराचा पगार त्या अटीत बसत नाही. त्याचे राहणे कंपनीच्या छावणीत, एका खोलीत अनेक जणांसोबत. सुट्टी वर्षाने, बरेचदा दोन वर्षांनी. म्हणजे मुलगा सातवीत असताना गेलेला बाप त्याला नववीत एकदा भेटतो आणि मग थेट अकरावीत. मधली वर्षे कोणाच्याच हाती लागत नाहीत.

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात आणि मुले आजी-आजोबांकडे राहतात किंवा सोबत फिरतात. त्यांचे प्रश्न वेगळे आणि अधिक बिकट आहेत. इथे आई घरी असते, पैसाही येत असतो. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला सारे सुरळीत वाटते. हे 'सुरळीत वाटणे' हीच या घरांची मुख्य अडचण आहे.

आमच्या घरची गोष्ट

माझे वडील वणीकडे एका कंत्राटदाराकडे वेल्डिंग करीत. १९९३ साली ते सौदी अरेबियातील जुबैल येथे गेले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. ते कायमचे परतले १९९९ साली. त्या सहा वर्षांत ते दोनदा घरी आले.

तेव्हा मोबाईल नव्हते. आमच्या गावातून परदेशी फोन लावायचा तर तालुक्याच्या बूथवर जावे लागे आणि मीटरचे आकडे पाहूनच छातीत धडधड होई. पत्र पोहोचायला तीन आठवडे. त्यामुळे कॅसेट पाठविण्याची पद्धत होती. बाबा कॅसेटमध्ये आवाज भरून सुट्टीवर येणाऱ्या एखाद्या माणसाजवळ देत. आम्ही ती ऐकत असू आणि उलट बाजूवर आमचा आवाज भरून परत पाठवीत असू. कॅसेट भरताना आजोबा, आजी, आई, काका, शेजारी सारे गोल करून बसत. प्रत्येकाने दोन मिनिटे बोलायचे. "बाबा, मी बरा आहे, अभ्यास चांगला चालू आहे," एवढे म्हणून मी टेप पुढच्याच्या हाती देई. एवढ्या माणसांत दुसरे काय बोलणार?

१९९६ च्या मार्चमध्ये मी दहावीला बसलो आणि गणितात नापास झालो. आई म्हणाली, "बाबाले सांगू नको. एकटेच हायेत तिकडं, जीवाले घोर लागन." मग पुढच्या कॅसेटमध्ये मी माझ्या तोंडाने सांगितले की मी पास झालो, अठ्ठावन्न टक्के मिळाले. उत्तराच्या कॅसेटमध्ये बाबांनी सांगितले की त्यांनी छावणीत सर्वांना खजूर वाटले. त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून मी घराबाहेर निघून गेलो.

त्यानंतरचे वर्ष कसे गेले ते आज आठवले तरी अंगावर काटा येतो. ऑक्टोबरच्या परीक्षेलाही गणित राहिले. सकाळी उठावेसे वाटत नसे. पोटात दुखे, डोके दुखे, डॉक्टरला काही सापडत नसे. शिकवणीला म्हणून निघून मी एस. टी. स्टँडवर बसून राही. धाकट्या बहिणीवर विनाकारण ओरडे. लोक म्हणत, "बापाचा पैसा डोक्यात गेला." वस्तुतः डोक्यात दुसरेच होते. रोज वाटे की आपण बापाला फसवले आणि आता हे कधीच सांगता येणार नाही.

मार्च १९९७ ला मी पास झालो. त्याच वर्षी बाबा सुट्टीवर आले आणि त्यांनी गुणपत्रिका मागितली. तीवर वर्ष छापलेले होते. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली. मला वाटले, आता मार बसेल. रात्री अंगणात बाजेवर बसले असता ते म्हणाले, "मीबी कुठं सगळं सांगतलं तुम्हाले." मग कळले की ज्या काळात मी खोटे बोललो, त्याच काळात त्यांना तीन महिने पगार मिळाला नव्हता. सोबत्यांकडून उसने घेऊन ते घरी पैसे पाठवीत होते आणि कॅसेटमध्ये "माझी काळजी करू नका, सर्व मजेत" असे सांगत होते.

दोन्हीकडून प्रेमच होते. पण दोन्हीकडून खोटेही होते.

मनात नेमके काय घडते?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था मानते. या वयात शरीर झपाट्याने बदलते. मेंदूतील भावनांशी संबंधित भाग लवकर प्रबळ होतो, मात्र आवर घालणारा, पुढचा-मागचा विचार करणारा भाग विशीनंतरही पक्व होत राहतो. म्हणून या वयात अपमान, भीती, राग, एकटेपणा हे सारे मोठ्या माणसापेक्षा अधिक तीव्र भासते. अशा वेळी शेजारी एक स्थिर माणूस लागतो. बाप परदेशी असेल तर पुढील गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट अर्धवट वियोगाची. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात अशा स्थितीची मांडणी केली. माणूस गेलेला नाही, पण जवळही नाही. मृत्यू झाला तर लोक येतात, सांत्वन करतात, रडायला परवानगी असते. इथे बाप जिवंत आहे, पैसे पाठवतो आहे. मग रडायचे कशाला? मुलाचे दुःख खरे असते, पण त्याला नाव नसते आणि ते व्यक्त करायला जागा नसते.

दुसरी गोष्ट जागा बदलण्याची. थोरल्या मुलाला सारे म्हणतात, "आता घरातला कर्ता पुरुष तूच." चौदा वर्षांचा पोरगा वीजबिल, खताचे पोते, आजीचे दवाखाने पाहू लागतो. थोरली मुलगी धाकट्यांची दुसरी आई होते. थोड्या जबाबदारीने मूल घडते हे खरे. पण खेळण्या-चुकण्याचे वय संपवून टाकणारी जबाबदारी मुलाला आतून थकवते. पुढे बाप परतला की त्याच मुलाला पुन्हा 'पोर' व्हावे लागते. तिथे खटके उडतात.

तिसरी गोष्ट उपकाराच्या ओझ्याची. "बाप तिकडे उन्हात मरतो ते तुझ्यासाठीच," हे वाक्य अशा घरात रोज ऐकू येते. बोलणाऱ्याचा हेतू अभ्यासाला लावण्याचा असतो. पण मूल त्याचा अर्थ असा लावते की बापाच्या कष्टाला मी कारण आहे आणि नापास झालो तर मी गुन्हेगार आहे.

चौथी गोष्ट आईच्या मनाची. लीला गुलाटी यांनी केरळमधील अशा स्त्रियांचा अभ्यास करून १९९३ साली पुस्तक लिहिले. नवरा दूर असताना स्त्रीवर घर, शेत, सासर, लोकनिंदा यांचा भार पडतो. काही स्त्रिया त्यातून कर्त्या होतात, तर काही खचतात. आई खचली की ते प्रथम मुलाला कळते. मग ते आपले दुःख तिच्यापासूनही लपवते.

पाचवी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, 'चांगले तेवढेच कळवायचे' या रीतीची. दोन्ही टोकांनी वाईट बातमी गाळली जाते. त्यातून मूल हेच शिकते की संकट सांगायचे नसते. ही सवय लागली की ते मित्राला सांगत नाही, शिक्षकाला सांगत नाही, पुढे आयुष्यात कोणालाच सांगत नाही.

१९०१ ची एक आठवण

वडील दूर नोकरीवर आणि मुले घरी, ही स्थिती आपल्या परिचयाच्या एका बालकानेही भोगली आहे. १९०१ च्या सुमारास रामजी सकपाळ सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते आणि मातृछत्र हरपलेली त्यांची मुले साताऱ्याला आत्याजवळ होती. सुट्टीत वडिलांना भेटायला मुले निघाली. तसे पत्र त्यांनी पाठविले होते, पण नोकराच्या विसराळूपणामुळे ते वडिलांच्या हाती पडले नाही. मसूर स्टेशनवर कोणी न्यायला आले नाही. पुढे बैलगाडीच्या त्या रात्रीच्या प्रवासात अस्पृश्यतेचा जो अनुभव भीमरावांना आला, तो त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या प्रसंगातील मुख्य दोष समाजाचा होता, यात शंका नाही. पण आपल्या विषयापुरते एवढे ध्यानात घ्यावे की बाप माया करणारा होता, मुले शहाणी होती, तरी मधला एक निरोप पोहोचला नाही आणि मुले उघड्यावर पडली. दूरच्या बापाचे घर निरोपावर चालते.

अभ्यास काय सांगतात?

२०१८ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. १११ अभ्यास आणि सुमारे २ लाख ६५ हजार मुले त्यात होती. स्थलांतर न केलेल्या घरांतील मुलांच्या तुलनेत, आई किंवा वडील कामासाठी दूर गेलेल्या मुलांमध्ये नैराश्याचा धोका सुमारे दीडपट, चिंताविकाराचा पावणेदोन पटीहून अधिक आणि आत्महत्येच्या विचारांचा सुमारे १.७ पट आढळला. यातील बहुतेक अभ्यास चीनमधील, देशांतर्गत स्थलांतराचे होते, हे लक्षात ठेवावे.

याची दुसरी बाजूही आहे. आग्नेय आशियातील चार देशांत २००८ साली बारा वर्षांखालील मुलांची पाहणी झाली. इंडोनेशिया आणि थायलंडमध्ये परदेशी गेलेल्या वडिलांच्या मुलांचे मनःस्वास्थ्य इतरांपेक्षा खालावलेले दिसले. फिलिपाईन्स आणि व्हिएतनाममध्ये तसे दिसले नाही. म्हणजे बाप परदेशी गेला की मूल बिघडलेच, असा काही नियम नाही. घरची आणि समाजाची सांभाळण्याची रीत कशी आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ही आपल्यासाठी आशेची गोष्ट आहे.

आपल्या देशात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी तीन. तेव्हा हा 'शहरातल्या श्रीमंतांचा रोग' नव्हे.

काय करता येईल?

१) जाण्यापूर्वी मुलांना विश्वासात घ्यावे. बाबा का जात आहेत, किती वर्षांसाठी, कर्ज किती आणि ते कधी फिटेल, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सांगितले तर समजते. नोंदणीकृत एजंटामार्फतच जावे. एजंटाने बुडविलेल्या घरात मुलाची झोप सर्वांत आधी उडते.

२) आज व्हिडिओ कॉल आहे. आमच्या कॅसेटच्या मानाने हे भाग्यच. पण फोन साऱ्या घरात फिरतो आणि मुलाच्या वाट्याला "जेवलास का? अभ्यास कर" एवढेच येते. आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाशी वेगळे, एकांतात बोलावे. बापाने आपल्या दिवसातील एक चांगली आणि एक त्रासाची गोष्ट सांगावी आणि मुलालाही तसेच विचारावे. बाप आपली अडचण बोलू लागला की मुलालाही बोलता येते.

३) नापास होणे, मारामारी, आजारपण लपवू नये. वाईट बातमी सौम्य शब्दांत, पण वेळेवर सांगावी.

४) बापाला केवळ पैसे पाठविणारा करू नये. अकरावीला कोणती शाखा, सायकल घ्यायची की नाही, अशा निर्णयांत त्याचे मत घ्यावे. तसेच मुलाला घरचा खजिनदार करू नये. आमच्या काउंटरवर पंधरा वर्षांचा एक मुलगा आईसोबत येई. दर महिन्याला पासबुक भरून घेई आणि रक्कम कमी दिसली की त्याचा चेहरा उतरे. एकदा मी विचारले तर म्हणाला, "कमी आले म्हणजे बाबांना काहीतरी झाले असेल." पासबुकात रक्कम छापून येते, खुशाली छापून येत नाही. मी त्याला म्हटले, "आज रात्री बाबांना विचार की कमी का आले." पुढच्या महिन्यात तो आला तो हसतच. त्या महिन्यात बाबांचा ओव्हरटाइम बंद होता, एवढेच कारण निघाले.

५) मामा, काका, शिक्षक यांपैकी एका विश्वासू माणसाने मुलाकडे लक्ष ठेवावे. हेरगिरी करू नये, सोबत करावी.

६) बाप सुट्टीवर आला की पहिल्याच आठवड्यात शिस्त लावू नये. दोन वर्षांत मूल बदललेले असते. आधी ओळख करून घ्यावी.

लक्षणे कोणती?

झोप किंवा भूक बदलणे, शाळा टाळणे, मित्र तोडणे, कारण न सापडणारी डोकेदुखी-पोटदुखी, सतत चिडचिड, आवडत्या गोष्टीत मन न लागणे, व्यसनाकडे वळणे, "माझा काही उपयोग नाही" असे बोलणे. यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर मदत घ्यावी. मरणाची भाषा मुलाच्या तोंडी आली तर दोन आठवडेही थांबू नये. तसा संशय आल्यास सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट मूल मोकळे होते.

'टेलिमानस' ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारशास्त्र विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच.

शेवटी एक विनंती. परदेशी असलेल्या माणसाचे घर दिसले की आपण विचारतो, "काय, किती पाठवते बाप?" पुढच्या वेळी त्या मुलाला एवढेच विचारावे, "बाबांशी शेवटचे कधी बोललास? काय बोललात?" आणि तो जे सांगेल ते मधे न तोडता ऐकावे. १९९६ साली मला कोणी हे विचारले असते, तर मी वर्षभर एस. टी. स्टँडवर बसलो नसतो.